पर्स तरी खाली ठेव

(महिला मेळाव्यात केलेल्या भाषणाचा संपादित मजकूर)





संयोजकांचा फोन आला तेव्हा ते म्हणाले, "आपा, तुम्ही कॅन्सरमधून बऱ्या झालात. आता घरच्यांबरोबर, मैत्रिणींबरोबर वेळ कसा घालवता, त्यावर बोला." मी हो म्हटलं आणि मग घाबरले. मी काही डॉक्टर नाही. सातारा जिल्ह्यातल्या एका मराठी शाळेत ३६ वर्षं शिकवलं, २०२२ला निवृत्त झाले. वर्गात बोलायची सवय आहे, पण स्वतःबद्दल बोलायची नाही. तरी बोलते, कारण ही गोष्ट माझ्या एकटीची नाही. ती माझ्या आधी गेलेल्या एका मैत्रिणीपासून सुरू होते.

आमची नऊ जणींची भिशी होती. काही डी.एड.पासूनच्या, काही शाळेतल्या. २०१३मध्ये एके दिवशी शाळा सुटल्यावर त्यातल्या एकीने मला स्टाफरूममध्ये थांबवलं. दार लावून घेतलं आणि माझा हात धरून आपल्या छातीवर ठेवला. म्हणाली, "बघ गं, काही लागतंय का?" गाठ होती. सुपारीएवढी. दुखत नव्हती, म्हणून तिला वाटत होतं की काही नसेल. मी म्हटलं, उद्याच दाखव. ती म्हणाली, "थोरलीचं लग्न ठरतंय. आईला असलं काही आहे असं कळलं तर मुलीला कोण करेल? एकदा अक्षता पडू देत, मग दाखवते. कुणाला सांगू नकोस. तुला शपथ आहे."

मी नाही सांगितलं. अकरा महिने मी ती शपथ पाळली. मला वाटत होतं, ही मैत्री. लग्नात मी नवीन साडी नेसून मिरवले. त्यानंतर ती डॉक्टरकडे गेली तेव्हा रोग काखेतून पुढे हाडांपर्यंत गेला होता. २०१५मध्ये ती गेली.

शेवटचे दोन महिने ती घरीच होती. शाळेतून येताना मी रोज तिच्याकडे डोकावायची. खांद्याला पर्स, हातात तपासायच्या वह्यांची पिशवी, डोळे घड्याळावर. घरी स्वयंपाक, सासूबाईंचं औषध, संध्याकाळी कुठली तरी मीटिंग. दहा मिनिटं उभ्या उभ्या बोलायची आणि निघायची. एक दिवस ती म्हणाली, "अगं, पर्स तरी खाली ठेव."

मी ठेवली. पण पाचच मिनिटांसाठी. पुढच्या आठवड्यात ती बोलायच्या स्थितीत नव्हती.

आता माझं ऐका. जानेवारी २०१८, वय ५४. आंघोळ करताना डाव्या बाजूला हाताला काहीतरी लागलं. तुम्हाला वाटेल, एवढं बघितलेली बाई लगेच दवाखान्यात गेली असेल. नाही गेली. एकोणीस दिवस मी गप्प बसले. माझ्याही मुलीचं बघणं चालू होतं. मैत्रिणीच्या डोक्यात जो विचार आला, तोच शब्दाला शब्द माझ्याही डोक्यात आला. शिकलेली, चळवळीत फिरणारी, दुसऱ्यांना सांगणारी मी, आणि स्वतःच्या शरीराबद्दल घरात बोलायला माझी जीभ उचलेना. विसाव्या दिवशी सकाळी चहा पिताना मिस्टरांना सांगितलं. ते एसटीत ड्रायव्हर होते. मोजकं बोलणारा माणूस. त्यांनी कप खाली ठेवला आणि एवढंच म्हणाले, "चल, कपडे बदल."

मॅमोग्राफी आणि बायोप्सी साताऱ्यात झाली आणि रिपोर्ट घेऊन आम्ही परळला टाटा हॉस्पिटलमध्ये गेलो. आधी किमोच्या आठ सायकल, दर तीन आठवड्यांनी एक. मग ऑगस्टमध्ये ऑपरेशन, पूर्ण स्तन आणि काखेतल्या गाठी काढल्या. त्यानंतर रेडिएशन. मग पाच वर्षं रोज एक हार्मोनची गोळी. ती गेल्या डिसेंबरमध्ये बंद झाली. उपचारांबद्दल एवढंच बोलते, कारण प्रत्येकीचा आजार वेगळा, औषध वेगळं. माझ्यावरून दुसरीने अंदाज बांधू नये.

त्या काळातले दोन प्रसंग मात्र सांगायलाच हवेत.

त्या वर्षी रमजान ईद जूनमध्ये आली. माझी सहावी सायकल झाली होती. केस नाहीत, तोंडाला चव नाही, उभं राहिलं की चक्कर. पंचवीस वर्षं भिशीतल्या सगळ्या जणी ईदला माझ्याकडे शीरखुर्मा खायला यायच्या. त्या वर्षी मी निरोप दिला, येऊ नका. त्या सकाळी सात वाजता आल्या. सातही जणी, हातात दूध आणि काजू-बदाम घेऊन. मी आतल्या खोलीत पडून सांगत होते आणि त्या माझ्या स्वयंपाकघरात शेवया परतत होत्या. अम्मी दारात खुर्ची टाकून बसली होती. "शक्कर जास्ती हुई," "खजूर बारीक काटो" असं प्रत्येकीला सुनावत होती. पहिला चमचा माझ्या तोंडात घातला तेव्हा तो लोखंडासारखा लागला. किमोमुळे तसं होतं. मी म्हटलं, "छान झालाय." अम्मी म्हणाली, "झूट बोलती." सगळ्या हसल्या. मीही हसले, कित्येक आठवड्यांनी.

दुसरा प्रसंग ऑपरेशननंतरचा. जखमेतलं पाणी बाहेर यायला नळी बसवतात आणि तिला एक डबी असते. ती रोज रिकामी करून किती पाणी आलं ते लिहून ठेवायचं असतं. हे काम मिस्टरांनी स्वतःकडे घेतलं. एसटीत गाडीचा हिशेब ठेवावा तसं वहीत लिहायचे. तारीख, वेळ, मिली, आणि खाली सही. लग्नाला तीस वर्षं झाली होती, पण त्या माणसाने माझ्यासाठी एवढा वेळ एका जागी बसून काही केल्याचं मला आठवत नव्हतं. किंवा खरं सांगायचं तर, मीच त्यांना कधी तशी संधी दिली नव्हती. ती वही अजून माझ्या कपाटात आहे.

रेडिएशन संपलं आणि सगळे म्हणाले, "सुटलीस." इथून पुढचं कुणी सांगत नाही. आजार गेल्यावर मला घाई सुटली. आता एकही दिवस वाया घालवायचा नाही! मी यादी केली. कोणाला भेटायचं, कुठे जायचं. दर रविवारी सगळ्यांनी एकत्र जेवायचं. मुलगी पुण्याहून आलीच पाहिजे. मुलगा मित्रांकडे निघाला की माझा चेहरा पडायचा. जेवताना मी सगळ्यांच्या तोंडाकडे बघत बसायची. एक दिवस मुलगी म्हणाली, "अम्मी, तू अशी बघतेस ना, जसं काही आम्ही उद्या दिसणारच नाही. मला जेवण जात नाही गं."

मला राग आला. दोन दिवस मी तिच्याशी बोलले नाही. मग लक्षात आलं की ती बरोबर होती. पूर्वी मी माणसांजवळ थांबत नव्हते आणि आता मी त्यांना सोडत नव्हते. दोन्ही वेळी मनात घड्याळच होतं.

मग मी यादी फाडली. आता काय करते? काही विशेष नाही. दुपारी अम्मीजवळ बसते. तिचं वय आता ८२. तिच्या लग्नात बैलगाडीचं चाक कसं निखळलं, ती गोष्ट मी शंभर वेळा ऐकली आहे. पूर्वी मी मध्येच उठायची. ती म्हणायची, "बैठ की, कायकू भागती?" आता शेवटपर्यंत ऐकते, आणि गंमत म्हणजे शेवट दर वेळी थोडा वेगळा असतो. नातवाबरोबर भिंतीशी उभी राहते. ऑपरेशननंतर डावा हात वर जात नव्हता. भिंतीवर बोटांनी चढायचा व्यायाम दिला होता. तेव्हा नातू चार वर्षांचा. माझी बोटं जिथवर पोहोचतील तिथे तो पेन्सिलने रेघ मारायचा आणि स्वतःच्या उंचीचीही मारायचा. घराला रंग दिला तेव्हा तेवढी भिंत आम्ही सोडली. त्याची रेघ आता वर चालली आहे. माझी एका जागी थांबली आहे, आणि त्याचं मला वाईट वाटत नाही.

भिशी चालू आहे. कोविडच्या वर्षी, २०२०च्या ईदला, कुणीच कुणाकडे जाऊ शकलं नाही. तेव्हा कळलं की एकत्र बसणं ही गृहीत धरायची गोष्ट नाही. आता आमचा एक नियम आहे. आत आल्यावर पर्स दिवाणावर ठेवायची, आणि चहा झाल्याशिवाय कुणी ती उचलायची नाही. का, ते आम्हा आठ जणींना माहीत आहे. माझी कापडी उशीही, म्हणजे ब्लाउजच्या आत भरायची, भिशीतल्याच एकीने शिवली. पहिली इतकी मोठी झाली की हसून हसून आमच्या डोळ्यांतून पाणी आलं. ज्या गोष्टीवर दार लावून कुजबुजायचो, तिच्यावर आता दार उघडं ठेवून हसतो.

भीती गेली का? नाही. तपासणीच्या आधीचे आठ दिवस मी चिडकी होते. घरच्यांना ते ठाऊक आहे. पूर्वी मी ते लपवायची, आता सांगून टाकते, "या आठवड्यात मला सांभाळून घ्या."

मैत्रिणींनो, मी इथे रडवायला आलेली नाही, काही मागायला आली आहे.

पहिलं, शरीराबद्दल घरात बोला. भारतातल्या बायकांमध्ये सगळ्यात जास्त आढळणारा कॅन्सर हाच आहे. २०२२मध्ये देशात जवळपास १ लाख ९० हजार नवे रुग्ण झाले असा जागतिक संस्थेचा अंदाज आहे. न दुखणारी गाठ, कातडीला पडलेली खळी, आत ओढलं गेलेलं स्तनाग्र, त्यातून रक्त किंवा पाणी येणं, काखेतली गाठ, यांतलं काहीही दिसलं तर दाखवा. बहुतेक गाठी कॅन्सरच्या नसतात, पण ते ठरवायचं डॉक्टरांनी.

मोठ्या यंत्रांची वाट बघायला नको. टाटा हॉस्पिटलने मुंबईत दीड लाखांहून जास्त बायकांचा वीस वर्षं अभ्यास केला. त्यातल्या निम्म्या बायकांना प्रशिक्षण घेतलेल्या आरोग्य सेविकांनी दर दोन वर्षांनी फक्त हाताने तपासलं. २०२१ला निष्कर्ष छापून आले. तपासलेल्या बायकांमध्ये आजार लवकरच्या टप्प्यात सापडला आणि पन्नाशीपुढच्या बायकांमध्ये मृत्यू जवळपास ३० टक्क्यांनी कमी झाले. जाणत्या बाईचा हात एवढं करू शकतो. माझ्या मैत्रिणीने माझा हात धरला होता, पण माझा हात जाणता नव्हता. आणि त्याहून मोठी चूक म्हणजे मी तोंड बंद ठेवलं.

दुसरं, मुलींच्या लग्नाच्या भीतीने गप्प बसू नका. शंभरातल्या पाच ते दहा जणींचाच हा आजार आनुवंशिक असतो. तो शिवल्याने, एका ताटात जेवल्याने होत नाही. माझा जावई पहिल्यांदा घरी आला तेव्हा माझ्या डोक्यावर केस नव्हते. मुलीने आधीच सगळं सांगितलं होतं. त्याआधी एका घराने नकार दिला होता. बरं झालं.

तिसरं, पैशांमुळे थांबू नका. महात्मा जोतीराव फुले जन आरोग्य योजनेत कॅन्सरचे उपचार आहेत. कागदपत्रं गोळा करायला माणूस लागतो, तर शेजारणीला मदत करा. हे काम आपल्या मंडळातल्या पोरांनीही करावं.

आणि शेवटचं. कुणी मैत्रीण तुम्हाला गुपित सांगून शपथ घालेल, तर ती शपथ मोडा. ती रागावेल. रागावू दे. रागावलेल्या मैत्रिणीची समजूत काढायला वेळ असतो. मला तो मिळाला नाही.

येत्या रविवारी भिशी माझ्याकडे आहे. ती गेली त्याला आता नऊ वर्षं झाली. तिची धाकटी मुलगी आता तिच्या जागी भिशीत येते. आली की आधी पर्स दिवाणावर ठेवते. तिला कुणी सांगितलं नव्हतं.

संयोजकांनी वीस मिनिटं दिली होती, ती संपली. बाहेर चहा तयार आहे असं कळतं. घाई करू नका, बसून प्या.