नावामागचे हात



बऱ्हाणपूरकरांना कापडाची ओळख करून द्यावयास नको. येथील तलम वस्त्रे इराण-तुर्कस्तानापर्यंत जात असल्याचे सतराव्या शतकात फ्रेंच व्यापारी ताव्हेर्निये याने लिहून ठेविले आहे, आणि आजही येथे यंत्रमागांचा खडखडाट ऐकू येतो. तेव्हा येथेच एक प्रश्न विचारावासा वाटतो. कपड्यावर ज्या संस्थेचे नाव असते, तिची तो शिवणाऱ्यांविषयी काही जबाबदारी असते काय?

अमेरिकेतील विद्यापीठांना हा प्रश्न त्यांच्याच विद्यार्थ्यांनी विचारला. तेथील विद्यापीठे आपले नाव व चिन्ह कपड्यांवर छापण्याचा परवाना कंपन्यांना देतात आणि विक्रीतील काही हिस्सा घेतात. १९९९ साली अनेक विद्यापीठांत विद्यार्थ्यांनी अधिकाऱ्यांच्या कचेऱ्यांत ठिय्या दिला. हे कपडे कोठे शिवले जातात ते जाहीर करा, ही त्यांची एक मुख्य मागणी होती. पुढे परवान्याच्या करारांत वेतन, कामाचे तास, बालमजुरीस बंदी व संघटनेचा हक्क यांविषयी कलमे आली. आणि २००० साली चौकशीसाठी वर्कर राइट्स कन्सॉर्टियम ही संस्था उभी राहिली.

या कलमांची कसोटी होंडुरास देशात लागली. रसेल कंपनीने जानेवारी २००९ मध्ये तेथील एक कारखाना बंद केला व सुमारे १२०० कामगारांचा रोजगार गेला. मागणी घटली, असे कंपनीचे म्हणणे. कामगारांनी संघ काढला हेही कारण होते, असा चौकशीचा निष्कर्ष. शंभराच्या आसपास विद्यापीठांनी कंपनीशी संबंध तोडले. अखेर नोव्हेंबरमध्ये कंपनीने नवा कारखाना काढून त्या कामगारांना परत घेण्याचे मान्य केले.

आपल्याकडेही कामगारांना न्याय आपोआप मिळालेला नाही. नारायण मेघाजी लोखंडे यांनी मुंबईचे गिरणी कामगार एकत्र केले, तेव्हा कोठे १८९० मध्ये रविवारची सुटी पदरात पडली. परंतु विकत घेणाराही बरेच काही करू शकतो, हे होंडुरासने दाखविले.

शाळा गणवेश ठरविते तेव्हा रंग, पोत आणि दर यांची चौकशी होते. नगामागे शिवणाऱ्याच्या हाती काय पडते, हे सहसा कोणी विचारीत नाही. दर पाडून घ्यावयाचा आणि वर न्याय्य मजुरीचे कलम घालावयाचे, हे तर ढोंगच होय. न्याय्य मजुरी हवी असेल तर दोन पैसे अधिक मोजण्याची तयारी हवी, आणि ते पैसे शिवणाऱ्यापर्यंत पोहोचले की नाही हेही पाहावयास हवे.

ज्या खिशावर शाळेचे नाव शिवले जाते, तो खिसा शिवणाऱ्याच्या मजुरीचा हिशेबही शाळेने विचारला पाहिजे.