गोंदियाच्या पुढची मराठी

सुपेल्यातून बोलतोय. जीई रोड जवळच आहे, तेव्हा मध्येच हॉर्न ऐकू आले तर चालवून घ्या.

भिलाईत कुणी इतिहास किंवा भाषाशास्त्र शिकतोय म्हटलं की पुढचा प्रश्न ठरलेला: "का, इंजिनिअरिंगला नंबर नाही लागला?" यात गावाचा दोष नाही. १९५५ च्या सोव्हिएत करारातून इथला पोलाद कारखाना आला, १९५९ ला पहिली भट्टी सुरू झाली, आणि तेव्हापासून कारखान्यानंच घरं चालवली. पण आज ज्या नकाशाबद्दल बोलणार आहे, त्याला नुसतं इंजिनिअरिंग पुरत नाही.

पुण्याच्या डेक्कन कॉलेजनं राज्य मराठी विकास संस्थेसोबत मराठीच्या बोलींचं सर्वेक्षण केलंय. वेबसाइट जरूर बघा. एकाच गोष्टीला कुठं काय म्हणतात ते नकाशावर दिसतं, माणसांचे आवाजही ऐकता येतात. फार मोलाचं काम! मात्र ते महाराष्ट्रापुरतं, म्हणून गोंदियाकडे ठिपके थांबतात. गाडी थोडीच थांबते? सालेकसा, दरेकसा, मग डोंगरगड, राजनांदगाव, दुर्ग, आणि आमची घरं. ग्रिअरसनच्या भाषा सर्वेक्षणात, १९०५ च्या मराठी खंडात, बस्तरची हलबीसुद्धा होती. तेव्हा राज्यांच्या आजच्या सीमा नव्हत्या.

म्हणून एम.ए.च्या प्रबंधासाठी मी सुपेल्यातली मराठी घरं नकाशावर घ्यायला निघालो. क्यूजीआयएस फुकट मिळतं, अक्षांश-रेखांश फोन देतो. सॉफ्टवेअर आठ दिवसांत हातात बसतं.

अडलो ते रकान्यापाशी. 'घराची भाषा' यात एकच शब्द मावतो. आता एक घर घ्या. आजी मराठी बोलते, मुलगा तिच्याशी मराठी आणि बायकोशी हिंदी. सुनेचं माहेर तेलुगू. नातू गल्लीत छत्तीसगढी बोलतो आणि आजीला हिंदीत उत्तर देतो. या घराला कोणता रंग देणार? मी तो रकानाच काढला आणि 'कोण कुणाशी काय बोलतं' असा तक्ता केला. काम चौपट वाढलं, पण आजी-नातवातली तुटती कडी त्यातच दिसली. जनगणनेत मातृभाषा विचारतात; ती कुणाशी बोलायला उरली आहे, हे कोण विचारतं?

दुसरी अडचण जास्त गंभीर. वस्तीतल्या एका आजींनी सगळं सांगितलं, चहा दिला, आणि मग हळूच विचारलं, "अतिक्रमणवाल्याइले दिसतीन का रे बाबू, हे ठिपके?" ज्यांच्या घराला पक्के कागद नाहीत, त्यांच्यासाठी नकाशावर येणं म्हणजे सापडणं. मी अक्षांश-रेखांश दशांशानंतर दोनच आकड्यांपर्यंत ठेवले. दोन आकडे म्हणजे सुमारे एक किलोमीटर; घर त्यात हरवून जातं, बोली राहते. प्रबंधाचे मार्गदर्शक म्हणतात, परिशिष्टात नेमकी ठिकाणं द्या, नाहीतर पडताळणी कशी होणार? शास्त्र म्हणून त्यांचं बरोबर आहे. पण मी आजींना शब्द दिलाय. गुण गेले तर जाऊ देत.

डोंगरगडपासून रायपूरपर्यंत कुणाच्या घरी मराठी बोलत असतील, तर आजी-आजोबांचा दोन मिनिटांचा आवाज रेकॉर्ड करा, आधी त्यांना विचारून. सोबत गावाचं नाव पुरे. पत्ता नको.