पायरीचा हिशेब

आपल्या घोडबंदर रोडवरच्या इमारतींतून रात्री मुले मोबाइलवर बंदुकीची लढाई खेळतात आणि 'गोल्ड'वरून 'प्लॅटिनम'ला चढली की हरखून जातात. ही पायरी ठरते कशी?

मूळ कल्पना बुद्धिबळातली. अर्पाद एलो या पदार्थविज्ञानाच्या प्राध्यापकांची गुणपद्धती अमेरिकेच्या बुद्धिबळ संघाने १९६० साली स्वीकारली. तीत विजयाचे मोल ठराविक नसते. समजा, डाव वीस गुणांचा आहे. चारशे गुणांनी खालच्या गड्याला हरविलेत, तर पदरात जेमतेम दोन पडतात. त्याच्याकडून हरलात, तर अठरा जातात! नेमबाजीच्या कित्येक खेळांनी ही कल्पना आपापल्या सोयीने वळवून घेतली. 'बीजीएमआय'मध्ये शंभर जण एकदम उतरतात. तेथे कितवे टिकलात, किती टिपलेत, तेही धरतात. शिवाय हंगाम सरला की वरच्यांना खाली उतरवितात. हा नियम आम्हांला हिशेबापेक्षा व्यापाराचाच वाटतो. परीक्षा तोंडावर आलेला मुलगा तीच पायरी पुन्हा चढावयास बसतो.