डेलियाचा कंद घ्यायचा तर मान पाहून

(महिला बचत गटांच्या बैठकीत केलेले भाषण)



मागच्या बैठकीत तुम्ही विचारलंत, गटाच्या पैशातून डेलियाचे कंद घ्यावेत का? घ्या, पण थोडेच घ्या. आणि आधी कंद ओळखायला शिका.

बटाट्याला अंगभर डोळे असतात. डेलियाचे डोळे फक्त वर, जुनं खोड कंदाला जुळतं त्या मानेपाशी. मान तुटलेला कंद कितीही जाडजूड दिसला तरी मातीत सडेल, त्याला कोंब यायचा नाही. असा कंद कुणी स्वस्तात देऊ लागलं, तर मी एक रुपयाही देणार नाही. (हे झाड मूळचं मेक्सिकोच्या डोंगरातलं. तिकडे कंद खातही असत. तुम्ही मात्र विकतचे भाजून खाऊ नका, त्यांना औषध चोळलेलं असू शकतं.)

आता थोडेच का? एका कंदापासून अनेक रोपं होतात म्हणून. श्रावणात कंद ओलसर वाळूत ठेवा, मान उघडी, पावसाच्या माऱ्यापासून आडोशाला. पाणी बेतानं. कोंब चार बोटं वाढले की पेराच्या जरा खाली धारदार पात्यानं कापा, खालची पानं काढा आणि कोंब वाळूत खोचून सावलीत ठेवा. दोन-तीन आठवड्यांत मुळ्या फुटतात. तोवर कंद नवे कोंब देतो, तेही कापा. हंगामाअखेर या रोपांनाही कंद धरतात.

पाऊस ओसरला की उंच वाफ्यावर दोन-दोन फुटांवर लावा. काठी लावतानाच रोवा, मागाहून ठोकलीत तर कंदात घुसेल. पानांच्या चार जोड्या आल्या की शेंडा खुडा. जीव होत नाही, ठाऊक आहे मला, पण फांद्या त्यानंच फुटतात.

एक अडचण आहे. डेलियाची कळी तोडली तर पुढे नीट उमलत नाही. उमललेलं फूल पहाटे कापून लगेच पाण्यात ठेवावं लागतं, आणि ते चार-पाच दिवसच टिकतं. मोगऱ्यासारखं पुडीत बांधून लांब पाठवता येणार नाही. म्हणून तालुक्याचा फुलवाला घेईल का, किती घेईल, हे लावण्याआधी दोघीजणी जाऊन विचारून या. त्यानं नाही म्हटलं, तर पैसे गटातच राहू द्या.

हो म्हणाला, तर पुढच्या बैठकीला जुन्या टोपल्या आणि वाळू आणा. कोंब कसा कापायचा ते करूनच दाखवते.