माहेरची सही
(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



चिटणीसबाईंनी मला विषय दिला तो असा : ‘श्रीमंत घरे पिढ्यान्‌पिढ्या श्रीमंत कशी राहतात?’ मी म्हटले, अहो, हा अर्थशास्त्राच्या प्राध्यापकांचा विषय. मी आयुष्यभर शाळेत भूगोल शिकवला. त्यावर त्या म्हणाल्या, “तुम्ही वाड्यात वाढलात ना? मग तुम्हीच सांगा.” तेव्हा पुस्तकातले मला फारसे सांगता येणार नाही. वाड्यातले सांगते.

आमचा वाडा वाईकडच्या एका गावात होता. टोलेजंग वगैरे नव्हे, पण दोन चौकी, आणि गावात ‘वाडा’ म्हटले की आमचाच. जमीन पुष्कळ होती, पण घरातल्या कोणी हातात नांगर धरलेला मी पाहिला नाही. जमीन कुळे कसत आणि आमच्याकडे धान्याची पोती येत. 1948 साली कूळकायदा झाला, आणि 1 एप्रिल 1957 रोजी कसणारी कुळे कायद्याने जमिनीची मालक मानली गेली. मी तेव्हा सात वर्षांची होते. त्या दिवसांत घरात सुतक असावे तसे सगळे बसलेले मला आठवतात. आजोबांनी मुदतीच्या आधी ‘आम्ही जातीने कसतो’ म्हणून काही जमीन परत घेतली होती. ती राहिली, बाकीची गेली. आजी म्हणाली, “आता आपण संपलो.”

पण आम्ही संपलो नाही. दहा वर्षांनी पाहावे तर घर होते तिथेच होते, उलट थोडे वरच गेले होते. दादा पुण्यात इंजिनिअर होत होता. धाकटे काका बँकेत लागले होते, कारण बाबांची एक चिठ्ठी योग्य माणसाच्या हाती पडली होती. दादाच्याच वर्गात आमच्या एका कुळाचा मुलगा होता. गणितात तो दादाहून हुशार. दादा त्याच्याकडून गणिते सोडवून घेत असे, हे मी डोळ्यांनी पाहिले आहे. त्याच्या घरी जमीन आली, पण पुण्यात उतरायला कोणाचे घर नव्हते, आणि चिठ्ठी लिहिणाराही कोणी नव्हता. मॅट्रिक होऊन तो शेतीला लागला. आमची जमीन गेली, पण जमिनीने आधीच्या शंभर वर्षांत जे मिळवून दिले होते, म्हणजे शिक्षण, ओळखी, चार गावांतले नाव, ते कुठल्या कायद्याने परत घ्यायचे?

या सगळ्यात बायकांचा हात काय, असे तुम्ही विचाराल. चैत्रातले हळदीकुंकू आठवा. आमच्याकडे काही बायका माजघरात पाटावर बसत, काही ओसरीवर बसत, आणि काहींना अंगणातच डाळ नि पन्हे मिळे. माझी विधवा आत्या तर आतल्या खोलीतून बाहेरच येत नसे. कोणी कुठे बसायचे हे पुरुषांनी कधी सांगितले नाही. ते आई सांगत असे, आणि नऊ-दहा वर्षांची झाल्यावर मला ते न सांगता कळू लागले. कोणत्या घरात मुलगी द्यायची, कोणत्या घरातून आणायची, हेही प्रथम माजघरात ठरे आणि मग ओसरीवर पुरुष ‘ठरवीत’. आमच्याकडे सोयरीक पाच-सात घरांच्या बाहेर कधी गेली नाही. त्यामुळे दिलेले दागिने फिरून फिरून त्याच घरांत राहत.

आता सहीची गोष्ट सांगते.

पहिली सही मी 1968 साली केली. नुकती अठरा पूर्ण झाले होते. जमीनधारणेच्या कमाल मर्यादेचा कायदा 1961 साली झाला होता, आणि ती मर्यादा आणखी खाली येणार अशी कुणकुण होती. (पुढे 1975 साली ती आलीच : बारमाही पाण्याची 18 एकर, कोरडवाहू 54.) बाबांनी एक कागद पुढे केला. मी परीक्षेच्या नादात होते, सही केली आणि पुस्तकात डोके घातले. माझ्या नावावर नऊ एकर जमीन झाली होती, हे मला एकवीस वर्षांनी कळले.

दुसरी सही 1989 सालची. बाबा गेले. चौदाव्या दिवशी गोडजेवण झाले आणि दादाने आम्हां दोघी बहिणींना माडीवर बोलावले. दोन कागद होते. एक माझ्या नऊ एकरांचे बक्षीसपत्र, दादाच्या नावे. दुसरे आम्हां दोघींचे हक्कसोडपत्र.

इथे हिशेब सांगायला हवा, कारण पुष्कळ जणींना तो अजून ठाऊक नसतो. हिंदू कोड बिल अडवले गेले तेव्हा डॉ. आंबेडकरांनी 1951 साली मंत्रिपदाचा राजीनामा दिला. पुढे त्याचे तुकडे करून जे कायदे झाले, त्यांतला 1956 चा वारसा कायदा. त्यात मुलीला वाटा मिळाला, पण वडिलार्जित मिळकतीत तो कसा? समजा, घरात आई-वडील, एक भाऊ आणि दोन बहिणी आहेत. वडील गेले, मृत्युपत्र नाही. ताटात बारा लाडू आहेत असे धरा. आधी आई, वडील आणि मुलगा यांचे चार-चार. मग वडिलांचे जे चार, ते चौघांत एकेक. म्हणजे भावाला पाच, आईला पाच, आणि आम्हां दोघींना एकेक. शिवाय राहत्या घराची वाटणी मुलीने मागायची नाही, असे एक कलमच होते. महाराष्ट्राने 1994 साली मुलींना मुलाच्या बरोबरीने हक्क दिला, पण ज्यांची लग्ने आधीच झाली होती त्यांना वगळून. 2005 साली केंद्राचा कायदा बदलला, तेव्हा ते घराचे कलम गेले आणि विवाहित मुलीही आल्या. वडील 2005 साली हयात असायला हवेत की नकोत, हा वाद सर्वोच्च न्यायालयाने 2020 साली मिटवला : मुलीचा हक्क जन्माचा आहे, त्यासाठी वडील तेव्हा हयात असण्याची गरज नाही. आज तोच ताटातला हिशेब केला तर आई, भाऊ आणि दोन बहिणी यांना तीन-तीन लाडू येतात.

पण 1989 साली आमचा एकेकच होता, आणि तोही सोडायचा होता.

दादा वाईट माणूस नव्हता. त्याने आवाज चढवला नाही. तो म्हणाला, “तुमच्या लग्नांत बाबांनी हात आखडला नाही. माहेर तुमचेच आहे. जमिनीचे तुकडे झाले तर वाड्याची शान काय राहील?” माझ्या लग्नात, 1972 साली, पंधरा तोळे सोने घातले होते. तोळ्याला तेव्हा दोन-अडीचशे रुपये पडत. दादाचे शिक्षण आणि पुण्यातले घर यांचा हिशेब कोणी मांडला नाही. मलाही तो सुचला नाही. मी सही केली. दुसऱ्या दिवशी दुय्यम निबंधकांच्या कचेरीत साहेबांनी विचारले, “बाई, कोणाच्या दबावाखाली नाही ना?” मला हसू आले. म्हटले, “अहो, माझा सख्खा भाऊ आहे तो.” वहिनीने पैठणी दिली, खणानारळाने ओटी भरली. मी गाडीत बसले ती अगदी भरून पावले अशा मनाने. हे मी थट्टेने सांगत नाही. तेव्हा मला खरोखरच तसे वाटले होते.

धाकटीने सही केली नाही.

मुंबईच्या गिरण्यांच्या 1982 च्या संपात तिच्या यजमानांची नोकरी गेली होती. दोन मुले, भाड्याच्या दोन खोल्या. ती एवढेच म्हणाली, “दादा, माझा एक लाडू मला दे. पैशात दे, जमीन नको.” (लाडवांचा हा हिशेब मूळ तिचाच, मी आज तो उसना घेतला आहे.) दादा काही बोलला नाही. बोलली ती आई, “मुलीच्या जातीने वाड्याला भगदाड पाडले.” जिच्या वाट्याला स्वतःचे पाच येत होते तिने हे म्हणावे! आईने आपले पाचही दादाच्याच नावे करून दिले.

पुढे काय झाले ते थोडक्यात सांगते. धाकटीने दावा लावला, तो वर्षानुवर्षे चालला. तिला भाऊबीजेचे बोलावणे बंद झाले. दादाच्या मुलीच्या लग्नाची पत्रिका तिला गेली नाही. आणि मी? मी त्या लग्नात पुढे होऊन मिरवत होते. कोणी विचारले, “धाकट्या दिसत नाहीत?” तर मी म्हणे, “तिला बरे नाही.” तिला घराबाहेर ठेवण्याचे काम कोणा वकिलाने केले नाही, ते मी केले, पैठणी नेसून. ती 2014 साली गेली. दाव्याचा निकाल तिने पाहिला नाही. त्याआधीच पाचगणीच्या वाटेवरची आमची जमीन एका हॉटेलवाल्याने चांगल्या भावाने घेतली होती. माझे ते नऊ एकरही त्यातच होते.

मोठ्या घरांना बाहेरूनही मदत असतेच. मृत्यूनंतरच्या मिळकतीवर 1953 पासून एक कर होता, तो 1985 साली गेला. संपत्तीवरचा कर 1957 साली आला, तोही 2015 च्या अंदाजपत्रकात काढून टाकला. संस्थानिकांचे तनखे 1971 साली बंद झाले, म्हणून त्यांच्यातले सगळेच काही रस्त्यावर आले नाहीत. हे सारे खरे आहे. पण आमच्यासारख्या मधल्या मोठ्या घरांपुरते मला विचाराल, तर एका आईने मुलीकडे नुसते पाहिले की जे काम होते, ते सरकारच्या दहा सवलतींनी होत नाही.

हे सगळे मी जुन्या काळची गोष्ट म्हणून सांगून मोकळी झाले असते. पण दोन वर्षांपूर्वी आमच्या घरातले गेले. आमची सदनिका त्यांच्या नावावर, मृत्युपत्र केलेले नाही. मी, मुलगा आणि मुलगी, तिघांचा सारखा तिसरा हिस्सा. मुलाने वकिलाकडून मसुदा आणला. म्हणाला, “आई, ताईचं हक्कसोडपत्र झालं की सोसायटीचं काम सोपं पडतं.” त्याच्या मनात काही वाईट नव्हते. माझ्याही नव्हते. मी नाशिकला मुलीला फोन केला आणि अगदी सहज म्हटले, “येऊन एक सही करून जा गं.”

ती क्षणभर थांबली. मग म्हणाली, “आई, मावशीनं सही केली नाही तेव्हा तू तिला काय म्हणाली होतीस?”

मी काही म्हणाले नव्हते, हेच तर उत्तर होते. मी तिला बाजारभाव, पाणी, हवा असले काहीतरी विचारून फोन ठेवला.

तो मसुदा सध्या माझ्या कपाटात आहे, पैठणीच्या घडीखाली. मुलाला मी सांगितले आहे की घाई नको. दिवाळीत मुलगी येणार आहे. त्या कागदाची भाषा फार अवघड आहे, आणि आजवर आमच्या घरातल्या एकाही बाईने तो सही करण्याआधी वाचलेला नाही. मी तिला म्हटले आहे, “येताना वाचायचा चष्मा आठवणीनं घेऊन ये. दोघी बसून पहिल्या ओळीपासून वाचू, आणि दादालाही बसवू.”