डोंगरच्या झाडांची बाग

बाग म्हटली की आपल्या डोळ्यांपुढे काय उभे राहते? गुलाबाचे वाफे, कातरलेली मेंदी आणि मधोमध कारंजे. हीच कल्पना मनात धरून कोणी कोल्हापुरास शिवाजी विद्यापीठाचे वनस्पती उद्यान पाहावयास गेला, तर प्रथम तो थोडा हिरमुसेल. ‘अहो, ही तर आमच्या डोंगरावरची रानटी झुडपं!’ असेही म्हणेल. त्याचे म्हणणे खरे आहे. पण सह्याद्रीतल्या कितीतरी वनस्पती जगाच्या पाठीवर दुसरीकडे कोठेही आपण होऊन उगवत नाहीत. त्यांतल्या दुर्मिळ झालेल्या इथे जपल्या आहेत.

तेथील कंदीलपुष्पे अवश्य पाहा. मात्र आधी चौकशी करून पावसाळ्यात जावे. उन्हाळ्यात कंद जमिनीखाली झोपलेला असतो. वर दिसते ती नुसती माती. श्रावण-भाद्रपदात फूल येते ते हुबेहूब कंदिलासारखे. वासाला भुलून एखादी चिलटाएवढी माशी आत शिरते आणि नळीतून खाली घसरते. नळीतले केस खालच्या बाजूला वळलेले असतात, त्यामुळे आत जाता येते, परत फिरता येत नाही. पण फूल माशीला खात नाही, बरं का! काही काळाने ते केस कोमेजतात, वाट मोकळी होते, आणि माशी परागांची पुडी अंगाला चिकटवून दुसऱ्या कंदिलाकडे जाते. मग बी धरते.

आता दुसरी एक वनस्पती घ्या. शिवनेरीसारख्या किल्ल्यांच्या कड्यांवर शिंदळ माकुडी नावाची मांसल झुडपी वाढते. तिचे फूल तांबूस-जांभळे, पाच कोनांच्या चांदणीसारखे. १८६२ ते १८६७ या काळात मुंबईचे गव्हर्नर असलेल्या सर बार्टल फ्रिअर यांचे नाव वनस्पतिशास्त्रज्ञ डॅलझेल यांनी तिला दिले. तिची फांदी कुंडीत खोचली तरी जगते. मग काळजी कसली, असे आपण विचाराल.

काळजी अशी, की कुंडीत झाड राहते. कडा, तिथले धुके, ती चिमुकली माशी कुंडीत मावत नाही. बाग ही बियाण्याची कणगी आहे. कणगीत दाणा टिकतो, पण शेतच गेले तर तो पेरायचा कुठे? खाणीसाठी टेकडी फोडली, दरसाल गवताला वणवा लावला, चवीपुरते कंद खणून काढले, की शेत जाते.

म्हणून बाग पाहायला जाताना घरातली मुले बरोबर न्या. माळीदादांना झाडांची गावाकडची नावे विचारा, ती मुलांकडून वहीत लिहून घ्या. आणि मग पुढच्या पावसात तीच वही घेऊन आपल्या गावच्या टेकडीवर चढा. एखादे ओळखीचे झाड भेटले, तर उपटू नका. नुसते पाहा, आणि शेजारच्या गुराख्यालाही दाखवा.