मागचं फाटक आणि शाळेचा रस्ता

(रौप्यमहोत्सवी स्नेहसंमेलनात केलेले भाषण)



समितीने मला ‘सुरक्षित सायकल मार्ग’ या विषयावर दहा मिनिटं दिली आहेत. माझ्यानंतर बालगोपाळांचा नाच आहे आणि ती मंडळी नटूनथटून विंगेत उभी आहेत, तेव्हा लांबण लावत नाही. माझी सगळी नोकरी रस्त्यांच्या कामात गेली, त्या जोरावर चार गोष्टी सांगतो. पुणं हे एकेकाळी सायकलींचं शहर होतं, हे पुराण आज सोडून देऊ. सगळ्यांना पाठ आहे.

सायकल मार्ग म्हटलं की आपल्याला मोठ्या रस्त्याच्या कडेचा ट्रॅक आठवतो. २००६ साली कात्रज-हडपसर बीआरटी आली तेव्हा तिच्याबरोबर तसे ट्रॅकही आले. त्यावरून सायकल चालवून बघितलेले इथे काहीजण असतील. मध्येच डीपी, मध्येच हातगाडी, आणि चौक आला की ट्रॅक संपला! खरा धोका तर चौकातच असतो. पुढे डिसेंबर २०१७ मध्ये महापालिकेने शहराचा सायकल आराखडा मंजूर केला. त्यात आठशे किलोमीटरहून जास्त लांबीचं जाळं आहे. ते होईल तेव्हा होईल. आपल्या कोथरूडमध्ये मात्र कर्वे रोड आणि पौड रोडच्या मधे कॉलन्यांचे आतले रस्ते आधीपासून आहेत. तिथे वेगळा ट्रॅक लागतच नाही. गाड्या हळू चालल्या की झालं.

हळू म्हणजे किती? गाडी चालवणाऱ्याला ब्रेकवर पाय जायला एक सेकंद लागतो असं धरा. ताशी २० किलोमीटरने येणारी मोटार कोरड्या रस्त्यावर साधारण ८ मीटरमध्ये थांबते. तीच ४० ने आली तर २० मीटर घेते. बॉलमागे पळत आलेल्या पोराच्या दृष्टीने हा फरक केवढा, ते सांगायला इंजिनिअर नको.

यावर आपल्याकडे उपाय एकच, गतिरोधक. पण तो तरी मापाचा हवा. इंडियन रोड्स काँग्रेसचं माप आहे ३.७ मीटर रुंद आणि १० सेंटीमीटर उंच, गोलसर. त्यावरून ताशी २५ ने गाडी सुखाने जाते. आपल्या गल्लीत रातोरात जो डांबराचा उंचवटा उगवतो, त्याने मोटारीचं काही बिघडत नाही, आजोबांची कंबर मात्र जाते आणि सायकलवरची मुलगी पडते.

दुसरं, पार्किंग. मागची गल्ली ६ मीटरची. दोन्ही बाजूंना मोटारी लावल्या की मधे उरतात जेमतेम २ मीटर. त्यात कुणी दार उघडलं की सायकलवाल्याने जायचं कुठे? सम-विषम तारखांची पाटी तिथे लावलेली आहे. वाचायला चष्मा लागत नाही. आणि त्या मोटारींतल्या बऱ्याचशा आपल्याच आहेत, हे मी आज सणाच्या दिवशीसुद्धा बोलणार.

आता मुद्द्याचं. आपली मुलं शाळेला निघाली की पुढच्या गेटमधून थेट पौड रोडला लागतात. मी लागोपाठ तीन दिवस सकाळी तिथे उभा राहिलो. बस, टँकर, उलट्या दिशेने येणाऱ्या दुचाक्या, आणि त्यांच्यातून वाट काढणारी सहावीतली पोरं. बाकीच्यांना आई-बाबा स्कूटरवरून सोडतात, म्हणजे गर्दीत आणखी भर. मागच्या फाटकातून निघालं तर बागेवरून आतल्या आत शाळेपर्यंत जाता येतं. मोठा रस्ता ओलांडावाच लागत नाही. पण त्या फाटकाला कुलूप आहे.

नेदरलँड्समधल्या ग्रोनिंगेन शहराने १९७७ साली शहराच्या मध्यभागाचे चार भाग केले. मोटारीला एका भागातून दुसऱ्यात जायचं तर बाहेरून वळसा, सायकलला मात्र सरळ वाट. आपल्याकडे नेमकं उलटं आहे. मोटारीला मोठं गेट आणि मुलांना वळसा.

कुलूप उगाच लागलेलं नाही, हे मान्य. चोऱ्या झाल्या होत्या. शिवाय शॉर्टकट म्हणून बाहेरच्या स्कूटर आवारातून जायच्या. मधे खांब रोवले तर मोटार अडेल, स्कूटर अडणार नाही. तिथे माणूसच हवा. खजिनदार लगेच विचारतील, जादा वॉचमनचा पगार कुठून आणायचा? म्हणून माझा प्रस्ताव एवढाच आहे की फाटक दिवसभर नको, शाळा भरताना पाऊण तास आणि सुटताना पाऊण तास उघडावं. त्या वेळी आम्ही निवृत्त मंडळी खुर्ची टाकून बसू. तसंही पेपर वाचायला कुठेतरी बसतोच. तीन महिने करून बघू. एखादी जरी चोरी झाली तरी कुलूप परत लावा, मी वाद घालणार नाही.

पुढच्या सर्वसाधारण सभेत हा विषय घ्यावा, असं पत्र मी काल सेक्रेटरींकडे दिलं आहे. पाळीसाठी सातजणांनी नावं दिली आहेत. आठवड्याच्या दोन्ही वेळा धरल्या तर अजून पाच लागतील. वही स्टेजच्या डाव्या बाजूला टेबलावर ठेवली आहे. सकाळची पाळी पावणेसातची आहे, तेवढं बघून नाव घाला.